नदीची वाळू परत येते काय?
(इयत्ता चौथी व पाचवीच्या परिसर अभ्यासासाठी)



केज तालुक्यातील मांजराकाठच्या एका शाळेत मी परिसर अभ्यासाचा तास पाहत बसलो होतो. वाळूउपशाने होणारी हानी गुरुजी समजावून देत असता चौथीतील एका मुलाने विचारले, "गुरुजी, पूर आला की वाळू पुन्हा येतेच की. मग बिघडलं काय?" गुरुजी क्षणभर थांबले व पाठ पुढे चालू झाला. माझ्या मते खरा पाठ त्या प्रश्नापासूनच सुरू व्हावयास हवा होता.

मुलाचे म्हणणे अर्धे खरे आहे. मांजरा पाटोदा तालुक्यात बालाघाटाच्या डोंगरात उगम पावते आणि दर पावसाळ्यात झिजलेला दगड वाहून आणते. परंतु आपल्याकडील काळ्या दगडाची माती पुष्कळ होते, वाळू थोडी. वरून आलेली वाळू धनेगावच्या धरणात अडते. धरणातून सुटलेले पाणी खालच्या पात्रात नवी वाळू न आणता उरलेलीच पुढे नेते. म्हणून धरणाच्या वरील व खालील खड्डा सारख्याच काळात भरेल असे समजू नये.

वाळू गेल्याने पाणी कसे जाते, हे वर्गात दाखवावे. कोरड्या जाड वाळूने काठोकाठ भरलेल्या पेल्यात मापाने पाणी ओतावे. पेल्याच्या सुमारे तिसऱ्या हिश्शाइतके पाणी आत मावते, हे पाहून मुले चकित होतात. तितकेच पाणी दुसऱ्या रिकाम्या पेल्यात घेऊन दोन्ही उन्हात ठेवावेत. उघडे पाणी आटत जाते. वाळूचा वरचा थर मात्र वाळला तरी खाली ओल टिकते. उन्हाळ्यात पात्रात झिरा खणून पाणी भरणाऱ्या आजीबाई गावात असतील, तर त्यांस वर्गात अवश्य बोलवावे. 2016 साली धनेगावचे धरण आटले आणि लातूर शहरास मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले, हेही या ओघात सांगता येईल.

आता प्राण्यांचे घर. टिटवी उघड्या खडीतच अंडी घालते; ती बहुधा चार असतात व गोट्यांत गोटा दिसावीत अशी ठिपकेदार. नदी सुरय व छोटा आर्ली हे पक्षीही वाळूवरच वीण करतात, आणि तीही उन्हाळ्यात, म्हणजे उपसा जोरात असतो त्याच दिवसांत. खंड्या व वेडा राघू मातीच्या उभ्या काठात बीळ कोरतात.

यावरून पात्र सुधारणे म्हणजे केवळ झाडे लावणे नव्हे, हे ध्यानी येईल. वृक्षारोपणाच्या उत्साहात आपण येथेच चुकतो. खड्ड्याच्या कडा उतरत्या कराव्यात. काठावर करंज, उंबर, जांभूळ, वाळुंज लावावेत. पात्रातील खडी मात्र उघडीच राहू द्यावी आणि एखादा उभा काठ पाखरांसाठी राखावा. वेडी बाभूळ व बेशरम माजून पात्र हिरवे दिसू लागले, तर ती सुधारणा समजू नये. इंग्लंडात नॉटिंगहॅमजवळ अटेनबरो येथे खडीच्या जुन्या खाणींत तळी होऊन 1966 साली तेथे पक्ष्यांचे राखीव क्षेत्र झाले. पण त्या खाणी नदीच्या शेजारी होत्या. आपले खड्डे ऐन पात्रात असतात व प्रत्येक पूर त्यांचे काठ कोरतो.

दोन गोष्टी सांभाळाव्यात. वर्गातील एखाद्या मुलाचे वडील वाळूच्या ट्रॅक्टरवर मजुरी करीत असतील; त्या मुलास खाली पाहावे लागेल असा शब्द उच्चारू नये. 27 फेब्रुवारी 2012 च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने लहान खाणपट्ट्यांसही पर्यावरणविषयक मंजुरी आवश्यक ठरविली, इतके मोठ्या मुलांना सांगणे पुरे. दुसरे, पाण्याने भरलेल्या खड्ड्याचा तळ वरून दिसत नाही व कड पायाखाली ढासळते. अशा खड्ड्यांत मुले बुडतात. म्हणून मुलांना पात्रात मुळीच उतरवू नये. निरीक्षण पुलावरून किंवा उंच, पक्क्या जागेवरून, गावातील दोन मोठी माणसे सोबत घेऊनच करावे.

पुलाच्या खांबावर एक रंगीत खूण गावातील जाणत्या माणसाकडून करून घ्यावी. वैशाखात व दिवाळीनंतर वाळू खुणेपासून किती खाली आहे, हे त्याच वहीत, तारखेसह, दरवर्षी लिहावे. वही वर्गाबरोबर वर न नेता शाळेतच ठेवावी, म्हणजे ज्याने प्रश्न विचारला त्याच्या धाकट्या भावासही ती वाचता येईल.