खापरखवल्या दिसला तर

पावसाळ्यात आंबोलीला किंवा महाबळेश्वरला भटकताना पायवाटेवर जाडजूड गांडुळासारखं काही सरकताना दिसलं, तर काठी उगारू नका. दोन पावलं मागे सरून शेपटी बघा. ती तिरकी छाटल्यासारखी बोथट असेल, वर खरखरीत खवल्यांची ढाल असेल आणि ढालीला ओल्या मातीचा लपका चिकटलेला असेल, तर तो खापरखवल्या. बिनविषारी, आणि उजेडात क्वचितच दिसणारा.

याचं बहुतेक आयुष्य मातीखाली जातं. निमुळतं डोकं मातीत खुपसायचं, मागे अंगाला वळसे देत बीळ रुंद करायचं आणि पुन्हा पुढे रेटायचं. त्यासाठी अंगाचा पुढचा भाग चांगलाच दणकट असतो. शेपटीवरचा चिखल पाठीमागून बिळाला बूच लावतो, असं अभ्यासक मानतात. खाणं मुख्यतः गांडुळं. मादी अंडी न घालता थेट पिल्लं देते.

खापरखवल्यांचं कुळ जगात फक्त भारतीय द्वीपकल्पात आणि श्रीलंकेत आहे. कित्येक जाती तर मोजक्याच डोंगरांपुरत्या. दक्षिण महाराष्ट्र आणि गोव्याच्या घाटांतला या कुळातला एक काळा, चकचकीत साप कैक वर्षं दुसऱ्याच जातीत मोजला जात होता. २०१६ साली त्याची वेगळी जात ठरली आणि तिला पुण्याचे सर्पतज्ज्ञ नीलिमकुमार खैरे यांचं नाव मिळालं. या सापाच्या शेपटीला मात्र ढाल नसते.

म्हणूनच ओळख पटली असं वाटलं तरी हात लावायचा नाही. विषारी पोवळा सापही बारीक असतो, पाचोळ्याखाली दडतो आणि नवख्याला सहज फसवतो. फोटो उभ्यानेच काढा, फ्लॅश टाळा, आणि साप वाटेतून जाईपर्यंत थांबा. फोटो टाकताना नेमकी जागा जाहीर करू नका. दुतोंड्या समजून साप पकडणारे लोक अजून आहेत.

खरी काळजी घ्यायची ती जमिनीची. चिखल चुकवायला वाटेच्या कडेने चालत गेलं की वाट रुंदावते आणि शेजारची भुसभुशीत माती घट्ट होते. तंबूसाठी दगड हलवणं, शेकोटीला कुजका ओंडका ओढणं म्हणजे खापरखवल्याचं छप्पर काढणं. जळवांसाठी आणलेलं मीठ पायमोज्यापुरतंच वापरा, वाटेवर शिंपडू नका, गांडुळं त्याने मरतात. घाटरस्त्यावर पावसाळी रात्री गाडी हळू हाकायला हवी, कारण चाकाखाली जाणारे साप दिसतसुद्धा नाहीत.

एखादा दगड उचलला गेलाच आणि खाली साप निघाला, तर तो बाजूला सरकेपर्यंत थांबा, मग दगड होता तसाच, हलक्या हाताने परत ठेवा.