एकशे चौथा दिवस

आमचं अपील पुण्याला पोहोचलं तो गावालगतच्या खाणीला मिळालेल्या पर्यावरण मंजुरीनंतरचा एकशे चौथा दिवस होता. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या 2010 च्या कायद्यात अपिलाला 30 दिवस मिळतात; सबळ कारण असेल तर वर 60. नव्वद उलटले की गाऱ्हाणं कितीही खरं असो, अपील ऐकलं जात नाही.

गाव सह्याद्रीच्या पायथ्याशी, अभयारण्याला लागून. माड-पोफळी सड्यावरून उतरणाऱ्या व्हाळावर जगतात. जनसुनावणीला सगळा गाव लोटला. बायका पोटतिडकीनं बोलल्या. लेखी हरकत मात्र एकानंही दिली नाही. अर्ज लिहून देण्याची सवय असलेल्या मीही नाही. सुनावणीची नोटीस किमान 30 दिवस आधी निघते, पर्यावरणीय परिणामांच्या अहवालाचा मसुदा जिल्हाधिकारी कार्यालयात आणि जिल्हा परिषदेत पाहायला मिळतो, मराठी सारांशासह. तो कुणी उघडलाच नाही. आमचा बारमाही व्हाळ त्यात ‘हंगामी नाला’ होता.

मंजुरीची जाहिरात वर्तमानपत्रात आली, प्रत पंचायतीच्या फलकावर लागली. आम्ही मात्र टपालाची वाट पाहत बसलो.

ओडिशातल्या नियमगिरीत बॉक्साइटच्या खाणीचा प्रश्न आला तेव्हा सर्वोच्च न्यायालयानं 18 एप्रिल 2013 ला निर्णय ग्रामसभांवर सोपवला. जिल्हा न्यायाधीशांच्या देखरेखीखाली 12 ग्रामसभा झाल्या आणि बाराही ठिकाणी नकाराचा ठराव झाला. तिथल्या डोंगरिया कोंध आदिवासींचा विरोध नुसता भाषणात राहिला नाही, इतिवृत्तात उतरला. आमच्या सुनावणीत तेवढंच राहून गेलं.

अपील गेलं तरी नकाशा हातात होता. गोव्याच्या खटल्यात 2014 साली सर्वोच्च न्यायालयानं तिथल्या राष्ट्रीय उद्यानांच्या आणि अभयारण्यांच्या हद्दीपासून एक किलोमीटरपर्यंत खाणकाम थांबवलं. एप्रिल 2023 च्या आदेशानं अभयारण्यात आणि भोवतीच्या एका किलोमीटरात ही बंदी देशभर कायम ठेवली. म्हणून अंतर कुठून मोजलंय ते आधी पाहावं. अहवालात ते खड्ड्यापासून होतं. भूमी अभिलेखातून गटांचे नकाशे काढून आम्ही भाडेपट्ट्याच्या हद्दीपासून मोजलं, तर एक कोपरा किलोमीटरच्या आत आला. त्याचा अर्ज आजही चालू आहे.

पुढे सड्यावर बोअर मारायला गाडी आली तेव्हा ‘हा नुसता सर्व्हे’ असं सांगण्यात आलं. वनसंवर्धन कायद्याच्या 2023 च्या दुरुस्तीनं पूर्वेक्षणाला अटींसह सवलत दिली आहे, हे खरं. पण वन्यजीव कायद्याचं कलम 29 परवान्याशिवाय अभयारण्यातलं वनोत्पादन काढू देत नाही, आणि भारतीय वन अधिनियमाच्या व्याख्येत जंगलातला दगड, जांभा, खनिजंही वनोत्पादनच. त्यामुळे गाडी अडवण्यापेक्षा परवानगीची प्रत मागणं आणि बोअरची जागा नकाशावर टिपणं जास्त उपयोगी पडतं. त्या दिवशी गावानं तेच केलं. प्रत मिळाली नाही, तेव्हा तसं लिहून वनपालाकडून पोच घेतली.

पंचायतीच्या फलकाचा आता दर सोमवारी फोटो निघतो. ते काम दहावीतल्या दोन मुलींनी घेतलंय.