हायस्कूलची पहिली पायरी आणि आरोग्याचा धडा
(विहारातील विद्यार्थी वर्गासाठी एक अभ्यासपाठ)



दरवर्षी जून महिना उजाडला की आपल्या वस्तीतील काही मुले-मुली जिल्हा परिषदेची शाळा संपवून हायस्कूलात जातात. नवी वह्या-पुस्तके, नवा गणवेश, नवे शिक्षक, सर्वच नवे असते. पालक फी आणि पुस्तकांची काळजी करतात. परंतु हायस्कूलात जाणाऱ्या मुलाने दिवसभर काय खाल्ले, किती पाणी प्याले, याची विचारपूस फार थोड्या घरांत होते. या पाठात आम्ही त्याच विषयाचा विचार करणार आहोत. सुरुवात आमच्या स्वतःच्या अनुभवापासून करतो.

आमचे पहिले वर्ष

आमच्या विदर्भातील लहानशा गावात सातवीपर्यंतच शाळा होती. १९८३ च्या जूनमध्ये आमच्या वस्तीतून आम्ही तिघी मैत्रिणी पाच किलोमीटरवरच्या बाजाराच्या गावी आठवीत दाखल झालो. वस्तीतून हायस्कूलात जाणाऱ्या आम्ही पहिल्याच मुली. घरच्यांना केवढा अभिमान! आई पहाटे उठून भाकरी थापी, डबा भरून देई आणि निंदणाला निघून जाई.

पहिल्याच आठवड्यात मधल्या सुट्टीत आम्ही डबे उघडले. इतर मुलींच्या डब्यात पोळी-भाजी, आमच्या डब्यात ज्वारीची भाकर आणि जवसाची चटणी. एकीने डब्यात डोकावून पाहिले, दुसरीच्या कानात काही सांगितले आणि दोघी हसल्या. एवढेच घडले. पण दुसऱ्या दिवसापासून आमचे डबे दप्तरातून बाहेर निघालेच नाहीत. संध्याकाळी घरी परतताना ती भाकर आम्ही वाटेतल्या शेळ्यांना टाकत असू, म्हणजे आईला कळू नये.

दुसरी गोष्ट पाण्याची. मुलींचे शौचालय इतके घाण असे की तिकडे जाण्याची इच्छा होत नसे. त्याला दाराची कडीही नव्हती. मग उपाय एकच, पाणीच प्यायचे नाही! सकाळी नऊला घर सोडल्यापासून संध्याकाळी सहापर्यंत आम्ही तिघी कोरड्या घशाने राहत होतो. पाळीच्या दिवसांत तर शाळाच बुडत असे.

दिवाळीनंतर एके दिवशी प्रार्थनेच्या रांगेत आमच्यापैकी एक भोवळ येऊन पडली. विज्ञानाच्या बाईंनी तिला सावलीत बसविले आणि विचारले, "सकाळपासून काय खाल्लं गं?" उत्तर ऐकून त्यांनी आम्हा तिघींचे डबे उघडायला लावले. तिघींचेही डबे भरलेले! बाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी आमची भाकर मोडली, चटणीला लावली आणि सर्वांदेखत खाल्ली. म्हणाल्या, "अशी चटणी मला जमत नाही. उद्यापासून मधल्या सुट्टीत मी तुमच्यात बसेन."

बाईंनीच आम्हाला प्राथमिक आरोग्य केंद्रात नेले. डॉक्टरांनी डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली, रक्त तपासले आणि रक्त फार कमी असल्याचे सांगितले. आम्ही दोघींनी गोळ्या घेतल्या, डबा खाऊ लागलो आणि वर्षभरात सावरलो. तिसरी मैत्रीण मात्र त्या दिवशी शाळेत आली नव्हती. तिला लघवीची जळजळ आणि वरचेवर ताप होता. लाजेने तिने घरीही सांगितले नाही. "हिला शिक्षण सोसवत नाही" असे म्हणून घरच्यांनी नववीतच तिला शाळेतून काढले. आम्हा तिघींत सर्वांत हुशार तीच होती.

आम्ही दोघी मॅट्रिक झालो, पुढे नोकरीला लागलो. परंतु आम्ही तिच्या घरी जाऊन "तुला काय होतंय?" असे एकदाही विचारले नाही, ही खंत आजही मनातून जात नाही.

लाज हे आजाराचे मूळ

या अनुभवातून आम्ही जे शिकलो ते असे. आम्ही गरीब होतो हे खरे, पण आम्ही आजारी पडलो ते केवळ गरिबीमुळे नव्हे. डब्यात अन्न होते, ते आम्ही खाल्ले नाही. शाळेत पाणी होते, ते आम्ही प्यालो नाही. दुखत होते, ते सांगितले नाही. ज्या भाकरीची आम्हाला लाज वाटली ती भाकर कशी आहे पाहा. शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम प्रथिने आणि सुमारे ४ मिलिग्रॅम लोह असते. तेवढ्याच पांढऱ्या पॉलिश केलेल्या तांदळात लोह १ मिलिग्रॅमपेक्षाही कमी असते. जवस, तीळ, शेंगदाणे, तुरीचे वरण, अंबाडी, चवळी, शेवग्याचा पाला ही आपल्या आजीच्या चुलीवरची संपत्ती आहे. त्यावर लिंबू पिळले की पालेभाजीतील आणि कडधान्यातील लोह अंगी लागते. जेवणाला लागूनच चहा घेतला तर ते अंगी लागत नाही.

आज परिस्थिती बदलली आहे. आठवीपर्यंत शासकीय व अनुदानित शाळांत दुपारचे जेवण मिळते. पण नववीत गेल्यावर ते बंद होते, आणि नेमक्या त्याच वयात शरीराची वाढ झपाट्याने होत असते. मग डब्याची जागा कुरकुरे, वडापाव आणि रंगीत थंड पेये घेतात. पोट भरते, पण शरीराला जे हवे ते मिळत नाही. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते १९ वर्षे वयाच्या शंभरपैकी ५९ मुलींना आणि ३१ मुलांना रक्तक्षय असल्याचे आढळले. म्हणजे वर्गातील निम्म्याहून अधिक मुली थकलेल्या अवस्थेत फळ्याकडे पाहत बसलेल्या असतात. त्यांना आळशी म्हणण्यापूर्वी त्यांचे रक्त तपासले पाहिजे.

तथागतांचा मध्यम मार्ग

अन्नाच्या बाबतीत भगवान बुद्धांचे जीवन आपल्याला दोन्ही बाजूंनी शिकविते. गृहत्यागानंतर सिद्धार्थ गौतमाने उरुवेला येथे कठोर उपवास केले. शरीर हाडांचा सापळा झाले. उपाशी शरीराने ज्ञान मिळत नाही हे ओळखून त्याने अन्न घेतले. सुजातेने दिलेल्या खिरीची कथा आपल्या प्रत्येक घरात सांगितली जाते. आमच्यासारख्या डबा लपविणाऱ्या मुलींनी ही कथा नीट समजून घ्यायला हवी होती.

दुसरी कथा संयुत्त निकायात आहे. कोसल देशाचा राजा प्रसेनजित फार खात असे. एकदा भरपेट जेवून धापा टाकीतच तो तथागतांच्या भेटीस आला. तथागतांनी त्याला मात्रा जाणून, सावधपणे जेवण्याचा उपदेश केला. राजाने सुदस्सन नावाच्या तरुणाला तो उपदेश पाठ करायला लावला आणि प्रत्येक जेवणाच्या वेळी म्हणून दाखविण्यास सांगितले. हळूहळू राजाचा आहार बेताचा झाला, शरीर हलके झाले. त्याने उपवास केला नाही की औषध घेतले नाही. जेवताना सावध राहण्याची सवय तेवढी लावून घेतली. आज मोबाइलकडे पाहत जेवणाऱ्या मुलाला आपण किती खाल्ले याचेही भान नसते. त्याच्यासाठी प्रत्येक घरात एक सुदस्सन हवा!

पाणी आणि स्वच्छता

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी साताऱ्याच्या शाळेतील आपली आठवण लिहून ठेवली आहे. त्यांना नळाला हात लावता येत नसे. शिपाई असला तरच पाणी मिळे, नसला तर तहानलेले राहावे लागे. त्याच बाबासाहेबांनी २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. ज्या पाण्यासाठी आपल्या माणसांनी मार खाल्ला, ते पाणी समोर असताना घाणेरड्या शौचालयामुळे आपल्या मुलींनी तहानलेले राहावे, हे आपल्याला शोभते काय? शाळेत मुलींसाठी स्वच्छ, कडी असलेले, पाणी असलेले शौचालय आहे की नाही, हे पालकांनी शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत विचारलेच पाहिजे. समाज मंडळांनी त्यासाठी अर्ज करावेत.

विद्यार्थ्यांनी दिवसभरात सात-आठ ग्लास पाणी प्यावे, उन्हाळ्यात त्याहून अधिक. लघवी अडवून धरू नये. जळजळ किंवा ताप असल्यास आईला सांगावे व दवाखान्यात जावे. पाळीच्या दिवसांत पॅड किंवा कापड चार ते सहा तासांनी बदलावे. कापड वापरत असल्यास ते साबणाने धुऊन उन्हात वाळवावे. कोपऱ्यात लपवून वाळविलेले कापड दमट राहते व रोगाला आमंत्रण देते. तेथेही लाजच आड येते.

व्यसन, झोप आणि चालणे

मुलांची लाज वेगळी असते. "घेत नाहीस? भितोस काय?" असे मित्राने म्हटले की खर्ऱ्याची पहिली चिमूट तोंडात जाते. २०१२ पासून महाराष्ट्रात गुटख्यावर बंदी आहे. २००३ च्या कायद्याने शाळेपासून शंभर यार्डांच्या आत आणि अठरा वर्षांखालील मुलांना तंबाखू विकणे गुन्हा आहे. तरीही पुडी मिळते, हे आपण सारे जाणतो. खर्रा-गुटख्याने तोंड हळूहळू उघडेनासे होते, पुढे कर्करोगही होतो. पंचशीलातील पाचवे शील आपण दर रविवारी घेतो. भान हरपविणाऱ्या गोष्टींपासून दूर राहण्याचा तो संकल्प आहे. तो विहाराच्या दारात ठेवून जाण्याचा नाही, शाळेच्या दारापर्यंत सोबत न्यायचा आहे.

अभ्यासासाठी जागरण करणारे विद्यार्थी बाबासाहेबांचे उदाहरण देतात. परळच्या चाळीत त्यांचे कुटुंब एका खोलीत राहत असे. पण सुभेदार रामजी आपल्या मुलाला आधी लवकर झोपवीत आणि मग उत्तररात्री दोन वाजता अभ्यासाला उठवीत, हे आपण विसरतो. तुमच्या वयात आठ ते दहा तास झोप लागते. रात्री बारापर्यंत मोबाइल पाहणे हे जागरण बाबासाहेबांचे नव्हे!

आणि चालणे. तथागतांनी चंक्रमणाचे पाच लाभ सांगितले आहेत. प्रवास सोसतो, मेहनत सोसते, आजार कमी होतात, अन्न पचते आणि चित्त दीर्घकाळ एकाग्र राहते. शाळा जवळ असेल तर पायी जा. त्यात कमीपणा नाही.

एकमेकांची विचारपूस

शेवटचा धडा सर्वांत महत्त्वाचा. विनयपिटकात एका आजारी भिक्खूची कथा आहे. अतिसाराने तो स्वतःच्याच घाणीत पडला होता आणि कोणी त्याच्याकडे फिरकत नव्हते. तथागतांनी आनंदासह त्याला स्वतःच्या हातांनी धुऊन बिछान्यावर निजविले. मग इतर भिक्खूंना बोलावून त्यांनी समजाविले की, येथे तुमचे आई-बाप नाहीत, तुम्हीच एकमेकांची सेवा केली नाही तर कोण करील? हायस्कूलात घरापासून दूर गेलेल्या मुलांची स्थिती अशीच असते. ज्याचा डबा उघडत नाही, जी वरचेवर गैरहजर राहते, जो एकटा पानटपरीकडे वळतो, त्याला विचारणे हे मित्राचे कर्तव्य आहे. आम्ही ते केले नाही. तुम्ही ते करावे म्हणून हा पाठ.

कृती आणि प्रश्न

१. शाळेत आठवड्यातून एकदा मिळणारी लोहाची निळी गोळी आणि वर्षातून दोनदा मिळणारी जंतनाशक गोळी तुम्ही घेता काय? लोहाची गोळी उपाशीपोटी घेऊ नये.
२. वर्षातून एकदा रक्तातील हिमोग्लोबिन तपासून घ्या. विदर्भात आपल्या समाजात सिकलसेल आढळतो, म्हणून ती तपासणीही एकदा करून घ्या. सिकलसेल असल्यास लोहाची गोळी डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावी.
३. आठवडाभर डब्यात काय नेले व किती खाल्ले ते वहीत लिहा आणि रविवारी वर्गात वाचून दाखवा.
४. सिद्धार्थाचा उपवास आणि प्रसेनजिताचे अतिभोजन यांची तुलना करून मध्यम मार्ग पाच ओळींत लिहा.
५. तुमच्या वर्गात मधल्या सुट्टीत कोण एकटे बसते? उद्या त्याच्याजवळ बसून डबा खा.

पाचव्या प्रश्नाचे उत्तर वहीत लिहू नका, करून दाखवा. सर्वांचे मंगल होवो. जयभीम!