हल्ल्याचा डाव इंजिनला दाखवताना

राजावर हल्ला चढवलेला बुद्धिबळाचा डाव इंजिनला, म्हणजे विश्लेषण करणाऱ्या प्रोग्रामला, दाखवला की पडद्यावर एक आकडा उमटतो, आणि पुष्कळ खेळाडू विश्लेषण तिथेच संपवतात. बचाव किती कठीण होता, हे त्या आकड्यात नसते. ते खणून काढावे लागते.

काय करावे

• आकड्याचा अर्थ आधी माहीत करून घ्या. स्टॉकफिश या इंजिनच्या १५.१ आवृत्तीपासून (२०२२) +१.०० म्हणजे एक प्यादे जास्त, असा हिशेब राहिलेला नाही. स्टॉकफिश स्वतःशीच खेळला तर तशा स्थितीतून जिंकण्याची शक्यता ५० टक्के, एवढाच त्याचा अर्थ. समोरचा घामाघूम झालेला माणूस त्यात कुठेच नाही.

• इंजिनला वेळ द्या. ते सगळ्या चाली सारख्याच खोलवर तपासत नाही. वरवर निरुपयोगी दिसणाऱ्या चालींची छाननी उथळ होते, आणि शोधाच्या टोकाला पोहोचल्यावर तर ते मुख्यतः मोहरे मारण्याच्या चालीच बघते. घोडा दिला आणि त्याचा मुद्दा तीन चालींनंतरच्या एखाद्या शांत हत्तीच्या चालीत दडलेला असेल, तर सुरुवातीला बलिदान चूक ठरते आणि काही मिनिटांनी आकडा उसळी घेतो. अशी उसळी दिसली की तिथेच थांबा. डावातला शिकण्यासारखा क्षण बहुधा तोच असतो.

• आकडा हलत नसेल, तर बलिदानाची चाल पटावर करा, पुढच्या दोन-तीन चालीही करा आणि मग एकेक चाल मागे या. पुढे सापडलेले इंजिनच्या स्मृतीत राहते, त्यामुळे मूळ स्थितीचे मूल्यमापन पुष्कळदा सुधारते.

• बचाव करणाऱ्याची पाळी असताना तीन-चार पर्याय एकदम दाखवायला सांगा. माझ्या मते सगळ्यांत मोलाची सवय हीच. पहिला पर्याय बरोबरीचा आणि दुसऱ्यापासून थेट पराभव, असे दिसले तर हल्ला जबरदस्त होता. १९९९ साली वाइक आन झे येथील स्पर्धेत कास्पारोव्हने टोपालोव्हविरुद्ध २४व्या चालीला हत्ती डी४वर झोकून दिला. टोपालोव्हने तो घेतला आणि त्याच्या राजाची पटभर फरफट झाली. हत्ती न घेता राजा बी६वर नेला असता, तर हल्ला विरला असता. आजचे इंजिन ती चाल लगेच दाखवते. पण घड्याळ चालू असताना टोपालोव्हसारख्या ग्रँडमास्टरलाही ती खेळता आली नाही, ही गोष्ट आकड्याइतकीच खरी आहे.

• शांत चालीमागची धमकी कळत नसेल, तर लिचेस या संकेतस्थळावर एक्सची कळ दाबा. प्रतिस्पर्ध्याने पाळी सोडली तर काय होईल, ते दिसते.

काय टाळावे

• ०.०० पाहून ‘डाव थंड आहे’ असे ठरवू नका. त्यामागे सततचा शह असू शकतो, किंवा दोन्ही बाजूंना एकेकच तारणारी चाल असू शकते.

• ‘इंजिन फक्त मोहरे मोजते’ हे जुने मत धरून बसू नका. पूर्वी राजाभोवती किती मोहरे रोखलेले आहेत, कुठून सुरक्षितपणे शह देता येतो, किल्लेकोटापुढची प्यादी शाबूत आहेत का, याचे गुण प्रोग्रामर ठरवून देत. शोगी या जपानी खेळासाठी यू नासू यांनी २०१८ मध्ये मांडलेले न्यूरल जाळे २०२०च्या १२व्या आवृत्तीत स्टॉकफिशमध्ये आले. २०२४च्या १६.१ आवृत्तीत हाताने लिहिलेले मूल्यमापन काढूनच टाकले. आता हे गुण जाळे असंख्य स्थितींवरून शिकते. म्हणून ‘राजाच्या सुरक्षिततेचे किती?’ असा वेगळा हिशेब त्याच्याकडून मिळत नाही. कारण आपणच शोधायचे.

• यंत्राने केलेले प्रत्येक बलिदान त्याने मोजून केले, असे मानू नका. ११ मे १९९७ रोजी न्यूयॉर्कमध्ये डीप ब्लू या संगणकाने कास्पारोव्हच्या कारो-कान बचावाविरुद्ध ई६वर घोडा दिला आणि डाव १९ चालींत संपला. ती चाल त्याला भरवलेल्या सुरुवातींच्या संग्रहातून आली होती.

• ‘१४ चालींत मात’ दिसली की ती अख्खी ओळ पाठ करू नका. हरणारी बाजू मात लांबवण्यासाठी वजीरही फेकते. तसे कोणी माणूस क्वचितच खेळेल. पहिल्या चार-पाच चाली समजून घ्या, आणि तिथून पुढे माणसासारखा बचाव स्वतः पटावर मांडून तो मोडून पाहा.