लोपीस आणि लांडगे



बाळाच्या बाप्तिस्म्याचा अर्ज भरताना काही पालक आम्हांला विचारतात, "फादर, आडनाव लोपीस किंवा डिसोझा लावता येईल का?" खरे ख्रिस्ती आडनाव तेच, अशी समजूत यामागे असते. म्हणून आज लोपीस या एकाच आडनावाची कुळकथा पाहू.

लॅटिन भाषेत लांडग्याला 'लुपुस' म्हणतात. त्यावरून स्पेन-पोर्तुगालमध्ये लोपे किंवा लोपो हे पुरुषाचे नाव झाले. लोपोचा मुलगा तो लोपीस. स्पेनमध्ये तोच लोपेझ. फर्नांडोचा फर्नांडिस आणि रॉड्रिगोचा रॉड्रिग्ज, तसेच हे. म्हणजे आपल्याकडचे लांडगे आणि तिकडचे लोपीस अर्थाने शेजारीच! या शब्दात बायबलमधले नाव नाही.

मग ते मराठी घरांत कसे आले? 1534 मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने तहात वसई पोर्तुगिजांना दिली. 1739 मध्ये चिमाजी आप्पांनी ती जिंकली. मधल्या दोनशे वर्षांत तिथल्या अनेक कुटुंबांनी बाप्तिस्मा घेतला. त्या वेळी धर्मपित्याचे किंवा मिशनरी फादरांचे आडनाव लावण्याची रीत होती. धर्मपिता पोर्तुगीज, म्हणून आडनाव पोर्तुगीज. शेती, बोली, बायकांचे लाल लुगडे मात्र तिथलेच राहिले. लोपीस म्हणजे पोर्तुगिजांचे वंशज, हा समज म्हणूनच चुकीचा आहे. फिलिपाईन्समध्ये तर स्पॅनिश गव्हर्नर क्लाव्हेरिया यांनी 1849 साली आडनावांची यादीच छापून गावोगावी वाटली. हेतू करवसुली आणि नोंदणी सोपी व्हावी हा! ब्राझील आणि अंगोलातही लोपीस पुष्कळ आहेत. ते सारे एका रक्ताचे कसे असतील?

हे लग्नाच्या वेळी लक्षात ठेवावे. दोन लोपीस घराण्यांत नाते नसेल, तर विवाहाला अडथळा नाही. उलट मामाची किंवा आत्याची मुलगी वेगळ्या आडनावाची असली, तरी चर्चच्या कायद्यानुसार (कलम 1091) अडथळा आहे. तिथे बिशपांची सूट लागते. आमच्या मते आपल्या भागात या दुसऱ्या गोष्टीकडेच जास्त दुर्लक्ष होते.

वऱ्हाडात पोर्तुगिजांचे राज्य कधी आलेच नाही. त्यामुळे इथल्या ख्रिस्ती घरांत इंगळे, जाधव, वानखडे ही आडनावे टिकली. बाप्तिस्म्याच्या विधीत आम्ही आईवडिलांना विचारतो ते बाळाचे नाव. ते ख्रिस्ती भावनेला विसंगत नसावे, एवढेच कलम 855 सांगते. आडनावाची अट त्यात नाही.

तेव्हा पालकांनी अर्जासोबत जन्माच्या दाखल्याची प्रत जोडावी. दाखल्यावर जे आडनाव असेल तेच आम्ही नोंदवहीत लिहू, म्हणजे पुढे शाळेत आणि आधार कार्डाच्या वेळी मुलाला हेलपाटे पडणार नाहीत.