फांदीनं फुशारकी मारू नये

आजचं वाचन: रोमकरांस पत्र ११:१३-२४

आज मननाआधी एक कबुली.

गेल्या वर्षी गुड फ्रायडेला मी इथेच वधस्तंभावर लिहिलं होतं. रात्री उशिरा, घाईत. त्यात एक वाक्य होतं, यहूद्यांनी आपल्या प्रभूला खिळलं अशा अर्थाचं. लहानपणापासून ऐकलेलं वाक्य, हाताला आपोआप आलं. कुणालाच खटकलं नाही. मलाही नाही.

काही आठवड्यांनी ऑफिसात लंचला माझी एक मैत्रीण शेजारी बसली. आमच्या दोघींची आडनावं ‘कर’नं संपतात, दोघींची मूळ गावं अलिबागकडची, घरात बोलतो ती मराठीही एकच. फक्त ती बेने इस्रायल आहे. डबा उघडता उघडता म्हणाली, “वाचलं गं तुझं ते. ‘यहूद्यांनी’ म्हणजे नक्की कोणी? माझ्या आजीनं?”

रागावली नव्हती. उलट तिनं आपली भाजी माझ्या झाकणात वाढली. त्यामुळे मला जास्तच खजील वाटलं.

त्या संध्याकाळी लोकलमध्ये मी रोमकरांस पत्राचा अकरावा अध्याय उघडला. का, तर त्यात पौल नेमका माझ्यासारख्या माणसाशी बोलतो. रोमच्या मंडळीत यहूदी होते आणि माझ्यासारखे परराष्ट्रीयही होते. या परराष्ट्रीयांच्या डोक्यात हळूहळू हवा जात होती: आम्ही आलो, ते गेले, आता घर आमचं. पौल त्यांना जैतुनाच्या झाडाचं उदाहरण देतो. झाड इस्राएलाचं. काही फांद्या तुटल्या, आणि तू रानातली फांदी, तुला तिथं कलम करून लावलं. आता तू मुळाच्या रसावर जगतेस. मूळ तुझ्यावर उभं नाही, तू मुळावर उभी आहेस. तेव्हा इतर फांद्यांसमोर तोरा मिरवू नकोस.

कोकणातलं कुणी हे वाचलं तर आधी हसेल. आपल्याकडे कलम कसं करतात? खाली रायवळ आंब्याचं रोप, वर हापूसची काडी. गावठी मुळावर भारी फांदी. पौल बरोबर उलटं सांगतो: मूळ बागेतलं, जोपासलेलं, आणि त्याच्यावर रानटी फांदी. असं कुठला बागायतदार करेल? आणि गंमत म्हणजे हे पौलालाही ठाऊक आहे. चोविसाव्या वचनात तो स्वतःच म्हणतो की हे निसर्गाच्या उलट आहे. म्हणजे या बागेतली हापूस आपण नाही. आपण रायवळ आहोत, आणि आपल्याला वर घेतलं ही माळ्याची कृपा.

मी आठ वर्षं संडेस्कूलमध्ये शिकवते. मुलांना शिकवलेलं त्या रात्री आठवून पाहिलं. येशू बेथलेहेमात जन्मला, हे शिकवलं. आठव्या दिवशी त्याची सुंता झाली, हे लूक २:२१ मध्ये आहे, पण ते मी नेहमी गाळलं (मुलं प्रश्न विचारतील म्हणून!). मरीया आणि योसेफ मंदिरात पक्ष्यांचं अर्पण घेऊन गेले, ते लेवीय १२ मध्ये गरिबाला दिलेल्या सवलतीप्रमाणे, हे कधी जोडून दाखवलं नाही. रक्तस्राव होणाऱ्या बाईनं प्रभूच्या वस्त्राचा गोंडा धरला, ही तर माझी आवडती गोष्ट. पण तो गोंडा तिथं आला कुठून? गणना १५ मध्ये देवानं इस्राएलाला सांगितलं होतं की वस्त्राच्या टोकांना गोंडे लावा, म्हणजे ते पाहून माझ्या आज्ञा आठवतील. आपला प्रभू ते गोंडे लावून हिंडत होता. त्या बाईच्या हातात आला तो नियमशास्त्र पाळणाऱ्या एका यहूदी माणसाचा गोंडा.

नावांचंही तसंच. मरीया म्हणजे मिर्याम, मोशेच्या बहिणीचं नाव. येशू हे नाव यहोशवाचंच रूप. याकोब तर मराठी बायबलनं दोन्ही करारांत याकोबच ठेवला आहे, इंग्रजीसारखा त्याचा ‘जेम्स’ केला नाही, त्याबद्दल आपल्या भाषांतरकारांचे आभार. पण यहूदा? आपल्या कानाला यहूदा म्हटलं की फक्त तीस रुपयांची नाणी ऐकू येतात. प्रत्यक्षात ते त्या काळातलं साधं, घरोघरचं नाव होतं. प्रभूच्या स्वतःच्या एका भावाचं नाव यहूदा होतं (मार्क ६:३), बारा शिष्यांत दुसरा एक यहूदा होता, आणि नव्या करारात यहूदाचं पत्र आहेच. एकाच्या विश्वासघातामुळे अख्ख्या लोकांचं नाव आपल्या तोंडात कडू झालं, आणि मुलांच्या कानावर तो कडवटपणा मीच घातला.

आता विश्वासाच्या मूळ गोष्टींकडे येऊ, कारण खरा घोळ तिथं आहे. आपण सर्रास म्हणतो, जुना करार रागाचा, नवा प्रेमाचा. प्रभूला विचारलं, सर्वांत मोठी आज्ञा कोणती? त्यानं दोन सांगितल्या. देवावर पूर्ण मनानं प्रीती करायची ती अनुवाद ६ मधली, आणि शेजाऱ्यावर प्रीती करायची ती लेवीय १९:१८ मधली. हो, लेवीय! वर्षभरात बायबल वाचायचा संकल्प जिथं दरवर्षी गळपटतो तेच पुस्तक. आणि देव एकच आहे हे वचन, जे प्रभूनं मार्क १२:२९ मध्ये आधी म्हटलं, ते यहूदी घरांत आजही सकाळ-संध्याकाळ म्हटलं जातं. माझ्या मैत्रिणीच्या आजीनं ते आयुष्यभर म्हटलं.

पुनरुत्थान घ्या. मेलेले उठतील, हा विश्वास परूशी लोकांचा होता. सदूकी तो मानत नव्हते, हे प्रेषितांची कृत्ये २३:८ मध्ये स्पष्ट आहे. तिथंच पौल सभेपुढे उभा राहून मी परूशी आहे असं सांगतो. ‘होतो’ नव्हे, ‘आहे’. मंडळीत आपण कुणाला परूशी म्हटलं की अर्थ एकच, ढोंगी. प्रभूनं परूश्यांना कडक शब्द ऐकवले हे खरंच आहे, मत्तय २३ वाचा. पण ते घरातल्या माणसाशी घरात झालेलं भांडण होतं. ते शब्द उचलून शेजारच्या घरावर दगडासारखे फेकायचा अधिकार आपल्याला कुणी दिला? आणि प्रेषितांना मारून टाकायची भाषा सुरू झाली तेव्हा त्यांच्या बाजूनं बोलायला उभा राहिलेला गमलियेल, तोही परूशीच होता (प्रे. कृत्ये ५:३४).

पहिल्या मंडळीचा मोठा वाद तर आज ऐकायला अजब वाटेल. इसवी सन ४९च्या सुमारास यरुशलेमात प्रेषित आणि वडील जमले, प्रे. कृत्ये १५. प्रश्न काय, तर यहूदी न होता कुणाला येशूच्या मागे येता येईल का? म्हणजे दारात आपण उभे होतो, आणि आत यहूदी चर्चा करत होते की यांना घ्यायचं का. घेतलं. सुंतेची अट न घालता घेतलं. आज पिढ्यान्‌पिढ्या ख्रिस्ती असलेले आपण आत सोफ्यावर बसून विचारतो, यहूदी अजून बाहेर का?

पुढचा इतिहास थोडक्यात सांगते, कारण तो लिहिताना हात जड होतो. इसवी सन ७० मध्ये रोमनांनी मंदिर पाडलं. त्यानंतर दोन्ही घरं वेगवेगळी वाढली. दुसऱ्या शतकात मार्कियन नावाच्या शिक्षकानं जुना करार आपला नाहीच असं ठरवलं. रोमच्या मंडळीनं त्याला १४४च्या सुमारास बाहेर काढलं, पण त्याचा विचार पूर्ण बाहेर गेला नाही. जॉन क्रिसोस्टोमसारख्या थोर उपदेशकानं ३८६-८७ मध्ये अंत्युखियात यहूद्यांविरुद्ध जहरी उपदेश केले, आणि कारण काय? त्याच्या मंडळीतले लोक आवडीनं सभास्थानातल्या सणांना जात होते! आपल्या लाडक्या मार्टिन लूथरनं १५४३ साली पुस्तक लिहून त्यांची सभास्थानं जाळायचा सल्ला दिला. १९३९ मध्ये जर्मनीत आयझेनाख इथं काही प्रोटेस्टंट मंडळींनी ख्रिस्ती जीवनातून यहूदी प्रभाव काढून टाकायला संस्थाच काढली, आणि पुढच्या वर्षी यहूदी खुणा पुसलेला नवा करार छापला. तेव्हा यहूदी माणसांना पुसून टाकण्याचं काम शेजारीच चालू होतं. कॅथलिक चर्चनं १९६५च्या ‘नोस्त्रा एताते’ या घोषणापत्रात अधिकृतपणे म्हटलं की ख्रिस्ताच्या मरणाचा दोष त्या काळच्या सर्व यहूद्यांवर सरसकट किंवा आजच्या यहूद्यांवर लादता येत नाही. १९६५! माझे आजोबा तेव्हा नोकरीला लागले होते.

आपल्या महाराष्ट्रात मात्र एक वेगळीच गोष्ट घडली, आणि ती मला मैत्रिणीमुळेच शोधावी लागली. बेने इस्रायल लोकांची परंपरा सांगते की त्यांचे पूर्वज फुटलेल्या जहाजातून अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला लागले. ते तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावानं त्यांना नाव दिलं शनिवार तेली. हिब्रू जवळजवळ विसरली होती, शब्बाथ आणि सुंता विसरली नव्हती. एकोणिसाव्या शतकात मिशनरी आले. त्यांच्या शाळांत बेने इस्रायल मुलं शिकली, त्यांनी मराठीत छापलेला जुना करार त्यांच्या घरांत गेला. जॉन विल्सननं (हो, विल्सन कॉलेजवाले) १८३२ मध्ये हिब्रूचं व्याकरण मराठीत लिहिलं. मिशनऱ्यांची आशा उघड होती, हे लोक ख्रिस्ती होतील. झाले अगदी थोडे. बाकीच्यांनी मराठी शास्त्र वाचलं, हिब्रू शिकून घेतली आणि अधिक पक्के यहूदी झाले. १८७४ मध्ये पुण्यात वल्हांडणाच्या रात्री वाचायचा हग्गादा हिब्रू आणि मराठीत छापला गेला.

विल्सनसाहेबांना याचं काय वाटलं असेल कोण जाणे. मला मात्र यात देवाचा हात दिसतो. आपण कलम करायला गेलो, आणि पाणी मुळाला घातलं गेलं.

मी हे सगळं मैत्रिणीला सांगितलं तेव्हा तिनं फोनवर एक फोटो दाखवला, आजीच्या वल्हांडणाच्या ताटाचा. मी लगेच, आमचं प्रभुभोजन म्हणजे हेच ना, असं सुरू केलं. तिनं थांबवलं. “हेच नाही. तुमचं यातून निघालं असेल. आमचं आमचं आहे.” बरोबर होतं तिचं. हल्ली असे व्हिडिओ खूप फिरतात ज्यात बेखमीर भाकरीच्या प्रत्येक भोकात खिळ्यांच्या खुणा शोधतात. मला ते आता नकोसे वाटतात. त्या जेवणाचा आजचा बराचसा क्रम मंदिर पडल्यानंतर रब्बींनी बसवलेला आहे. दुसऱ्याच्या घरात शिरून त्याच्या ताटाचा अर्थ त्यालाच शिकवणं ही फांदीची फुशारकीच झाली.

आमच्यात फरक आहे आणि तो लहान नाही. येशू हा मशीहा आहे, तो मेला आणि उठला, यावर माझं जगणं उभं आहे. तिचं नाही. पौलाच्या मनात याच गोष्टीचं दुःख होतं, नवव्या अध्यायाच्या सुरुवातीला ते अक्षरशः वाहतं. पण त्या दुःखातूनही तो ११:२९ मध्ये ठाम राहतो की देव दिलेलं वरदान आणि केलेलं पाचारण मागे घेत नाही. आणि विचार करा, देव जर इस्राएलाला दिलेला शब्द मोडणारा असता, तर मला दिलेल्या शब्दावर मी कशाच्या जोरावर झोपले असते?

या वर्षी गुड फ्रायडेच्या आधी ते जुनं वाक्य मी बदललं. आपला प्रेषितांचा मतांगीकार उघडून पाहा. प्रभूच्या दुःखभोगाच्या जागी त्यात एकाच माणसाचं नाव आहे, पिलात, रोमचा सुभेदार. वधस्तंभ ही शिक्षाच रोमन होती. मंदिरातल्या काही पुढाऱ्यांनी प्रभूला त्याच्या हाती दिलं हे शुभवर्तमानात आहे, ते मी लपवलं नाही. पण वधस्तंभाच्या पायथ्याशी रडणारी आईही यहूदी होती, हेही लिहिलं.

नवं वाक्य मैत्रिणीला पाठवलं. तिनं अंगठा पाठवला. मग पाच मिनिटांनी विचारलं, “त्या रात्री जेवणानंतर तुमच्या येशूनं गाणं म्हटलं असं तू लिहिलंयस. कुठलं?”

मी सांगितलं, मार्क १४:२६ मध्ये गाण्याचं नाव नाही. पण ते वल्हांडणाचं जेवण होतं असं मार्क सांगतो, आणि त्या सणाला स्तोत्रं ११३ ते ११८ म्हणायची यहूदी रीत आहे. म्हणजे बहुधा बांधणाऱ्यांनी नाकारलेल्या दगडाचं ११८वं स्तोत्र ओठांवर घेऊनच तो जैतुनांच्या डोंगराकडे निघाला.

“११८ आजीला पाठ होतं,” ती म्हणाली. “मराठीत.”

येत्या रविवारी प्रभुभोजनाला जाण्याआधी ही सहा स्तोत्रं घरी मोठ्यानं वाचा, सलग. पंधरा मिनिटं पुरतात.

उद्याचं वाचन: स्तोत्र ११३.