चुलीचा धूर आणि इंधनाचें दारिद्र्य

अन्नाचें दारिद्र्य व वस्त्राचें दारिद्र्य यांविषयीं आपण पुष्कळ वाचतों. परंतु घरांत दाणे आहेत, ते शिजविण्याची मात्र नीट सोय नाहीं, हें दारिद्र्याचें तिसरें रूप सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. इंग्लंडांत त्याला स्वतंत्र नांवच आहे. घर पुरेसें उबदार ठेवून इंधनाच्या बाकीच्या गरजा भागविण्यासाठीं ज्या कुटुंबास मिळकतीच्या दहाव्या हिश्शाहून अधिक खर्च करावा लागेल, तें इंधनदरिद्री समजावें, अशी व्याख्या ब्रेंडा बोर्डमन या विदुषीनें १९९१ मध्यें मांडली. तो थंड देश. तेथें ही गोष्ट घराच्या उबेवरून मोजतात. आमच्या वर्धा जिल्ह्यांत पौषांतली थंडी म्हणजे चार दिवसांची पाहुणी. आमच्याकडील इंधनाचें दारिद्र्य चुलीवरून ओळखावयाचें. आणि तें केवळ रुपयांत मोजून भागावयाचें नाहीं, डोक्यावरच्या मोळींत व डोळ्यांतल्या पाण्यांतही मोजावें लागेल.

गेल्या पावसाळ्यांत आम्ही वरच्या वर्गांत सहज विचारलें कीं, ज्यांच्या घरीं गॅस आहे त्यांनीं हात वर करावे. बहुतेक सारे हात वर झाले. मग विचारलें, आज सकाळची भाकर कशावर झाली? तेव्हां खेड्यांतून येणाऱ्या मुलांचे पुष्कळसे हात खालीं आले. एका मुलीनें दिलेलें उत्तर आमच्या मनांत घर करून राहिलें आहे. ती म्हणाली, "गॅस चहाले अन् पाहुण्याले, सर, भाकर चुलीवरच." या एका वाक्याचा अर्थ लावावा, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

प्रथम चुलीकडे पाहूं. साध्या उघड्या चुलींत सरपणाच्या उष्णतेपैकीं सुमारें दहावा हिस्साच भांड्यांतील अन्नास मिळतो. उरलेली उष्णता भिंती, हवा व स्वयंपाक करणारी माउली यांच्या वांट्यास येते. रसायनाच्या तासाला आपण शिकलांच आहां कीं, जळण पुरतें जळण्यास हवा व उष्णता दोन्ही पुरेशीं हवींत. एक उणी पडली कीं जळण अर्धेंच जळतें व उरलेलें धूर होऊन वर जातें. म्हणजे डोळ्यांत जाणारा धूर हें न जळलेलें सरपणच होय. जें डोक्यावरून वाहून आणलें तेंच छातींत जातें. त्यांत आपल्या भागांतलें मुख्य जळण पऱ्हाटीचें व तुराटीचें. पऱ्हाटी भडकन पेटते व तितक्याच झटकन विझते, त्यामुळें चुलीपुढून उठण्याची सोय नाहीं. आणि घरांतली मोठी मुलगी पुस्तक घेऊन बसली कीं "जरा जाळ बघ गं" ही हांक तिलाच येते.

या धुराचा विचार आपल्याच वर्ध्यांत फार पूर्वीं झाला आहे. १९३४ च्या डिसेंबरांत गांधीजींच्या प्रेरणेनें येथें अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जमनालाल बजाज यांनीं त्यासाठीं आपली बाग दिली, व मगनलाल गांधी यांच्या स्मरणार्थ तिचें नांव मगनवाडी पडलें. संघाचे चिटणीस जे. सी. कुमारप्पा हे लंडनांत हिशेबतपासणीचें व अमेरिकेंत अर्थशास्त्राचें शिक्षण घेतलेले गृहस्थ. अशा विद्वानानें चूल व दिवा यांत काय लक्ष घालावें, असें कोणास वाटेल; पण मगनवाडींत तेलघाणी, हातकागद व मधमाशा यांच्या जोडीला तेही अभ्यासाचे विषय ठरले. रॉकेलच्या कंदिलाऐवजीं वनस्पतितेलावर जळणारा मगनदीप तेथें तयार झाला, आणि बिनधुराची मगन चूल निघाली. ३० डिसेंबर १९३८ रोजीं गांधीजींच्या हस्तें उघडलेलें मगन संग्रहालय अजून तेथें उभें आहे. वर्ध्यास राहूनही ज्यांनीं तें पाहिलें नाहीं अशा पालकांची संख्या थोडी नसावी!

या जातीच्या चुलीची युक्ति सोपी आहे. जाळ उघडा न ठेवतां मातीच्या पोकळींत कोंडावयाचा. पुढें मातीचाच बोगदा करून त्यावर आणखी भांडीं बसविण्यास भोकें ठेवावयाचीं, आणि शेवटीं धुराडें उभारून धूर छपरावर काढून द्यावयाचा. पहिल्या भांड्याखालून निसटलेली आंच दुसऱ्यास मिळते. धुराडें हवा ओंढतें, म्हणून फुंकणी लागत नाहीं. माती दाराशींच असते. मात्र यांत एक मेख आहे. भोंक आणि भांडें यांचें माप जुळलें नाहीं, किंवा बोगद्यांतली राख वेळेवर काढली नाहीं, तर ही चूल साध्या चुलीहून अधिक धुमसते.

पुढें नेमकें हेंच घडलें. १९८३-८४ मध्यें केंद्र सरकारनें सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हातीं घेतला व देशभर तीन कोटींहून अधिक चुली बसविल्या. आंकडा डोळे दिपविणारा खरा. पण २००२ मध्यें केंद्रानें तो कार्यक्रम आटोपला, तोंवर त्यांतल्या पुष्कळ चुली मोडून गेल्या होत्या. बसविणाऱ्यास चुलीमागें मोबदला होता, दुरुस्त करणाऱ्यास कांहींच नव्हता. जिला रोज त्या चुलीपुढें बसावयाचें तिला, तुझा गंज केवढा, असें विचारण्याची तसदीही अनेक ठिकाणीं कोणीं घेतली नाहीं.

मग गॅस आला. १ मे २०१६ रोजीं उत्तर प्रदेशांतील बलिया येथें उज्ज्वला योजनेचा आरंभ झाला. जोडणी घरांतील प्रौढ स्त्रीच्या नांवें, अनामत रक्कम सरकारची. आज अशा जोडण्या दहा कोटींच्या वर गेल्या आहेत. ही लहान गोष्ट नव्हे, व तिला नाक मुरडणाऱ्यांनीं एक दिवस ओल्या पऱ्हाटीवर भाकरी थापून पाहाव्या. गॅसची योग्यता गणितानेंच पाहूं. घरगुती सिलिंडरांत १४.२ किलो गॅस असतो. किलोस सुमारें ११,००० उष्मांक धरले, तर एकूण सुमारें १,५६,००० होतात. चांगल्या शेगडीवर त्यांतले शेंकडा ६८ भांड्यास मिळतात, म्हणजे सुमारें १,०६,०००. कोरड्या लांकडाचे किलोस ४,००० उष्मांक धरले, तर साध्या चुलीवर कामीं येतात अवघे ४००. तेव्हां एका सिलिंडराचें काम करण्यास सुमारें २६५ किलो लांकूड जाळावें लागेल; डोक्यावरची मोळी वीस किलोची मानली तर तेरा मोळ्या. चूल सुधारून तिचा उपयोग दहाव्या हिश्शावरून पांचव्यावर नेला, तर मोळ्या सातांच्या आंत येतात. मातीच्या चुलीला आम्ही अजून कमी लेखीत नाहीं, तें यासाठीं.

इतका लाभ असतां त्या मुलीची भाकर चुलीवर कां? सरकारी आंकड्यांप्रमाणें उज्ज्वलेच्या कुटुंबांनीं २०१९-२० मध्यें सरासरी तीनच सिलिंडर घेतले. २०२४-२५ मध्यें हा आंकडा साडेचारांच्या आसपास आला. एक सिलिंडर दीड महिना पुरतो असें धरलें तरी वर्षास आठ लागतात. राहिलेले महिने चुलीचे. २०२२ मध्यें सिलिंडरामागें २०० रुपये अनुदान सुरू झालें, तें २०२३ मध्यें ३०० वर गेलें, आणि महाराष्ट्र सरकारनें २०२४ मध्यें अन्नपूर्णा योजनेखालीं वर्षास तीन सिलिंडर मोफत देण्याचें जाहीर केलें. परंतु अनुदान मागाहून बँकेंत जमा होतें. सिलिंडर दारांत येतो तेव्हां पुरी किंमत हातांत असावी लागते. मजुरीवर जगणारें घर तेल पावशेराच्या मापानें आणतें. तें एकदम एवढी रक्कम कोठून काढणार? पांच किलोचा लहान सिलिंडर घेण्याची सोय योजनेंत आहे, पण ती फार थोड्यांस माहीत आहे. पालकांनीं आपल्या वितरकाकडे तिची चौकशी अवश्य करावी.

आणि येथें आपल्या जिल्ह्याची एक विशेष अडचण आहे. कापूस विकून हातीं पैसा येतो तो हिवाळ्यांत, व त्यासुमारास शेतांत कोरडी पऱ्हाटी फुकट पडलेली असते. आषाढांत उलट, सारा पैसा बीं-खतांत गेलेला, सरपण भिजलेलें, दारें पावसानें बंद, आणि धूर घरांतच कोंडलेला. म्हणजे गॅसची गरज सर्वांत अधिक तेव्हांच पिशवी सर्वांत रिकामी. आमच्या मतें मोफत सिलिंडरांपैकीं निदान एक आषाढांत घरीं पोहोंचावा, अशी तजवीज व्हावी. तेवढ्यानें पैशाचा हिशेब बदलत नाहीं, पण धुराचा पुष्कळ बदलतो.

गोबरगॅसची गोष्ट निराळी. तिचा राष्ट्रीय कार्यक्रम १९८१-८२ पासूनचा. दोन घनमीटरांच्या संयंत्रास रोज सुमारें ५० किलो शेण लागतें, म्हणजे चार-पांच जनावरें हवींत. ज्याच्या गोठ्यांत तीं आहेत त्यानें शेणाच्या गोवऱ्या थापून जाळणें हा शुद्ध तोटा आहे, कारण गॅस घेऊनही खत शिल्लक राहतें. मात्र भूमिहीनास या योजनेचा कांहीं उपयोग नाहीं, हें स्पष्ट म्हटलें पाहिजे. सेलू तालुक्यांत बोरच्या अभयारण्यास २०१४ मध्यें व्याघ्रप्रकल्पाचा दर्जा मिळाला. अशा जंगलाच्या कडेला तर मोळीसाठीं जाणें म्हणजे जीव मुठींत धरून जाणें.

घराचाही प्रश्न आहेच. वैशाखांत येथें पारा ४५ अंशांवर चढतो. जाड मातीची भिंत व कवेलूचें छप्पर जाऊन पातळ भिंत व टिनाचे पत्रे आले, कीं तेंच घर भट्टी होतें, आणि कूलरचें वीजबिल त्या पत्र्यांमुळें वाढतें. घरकुलाचीं अनुदानें मोजतांना घरें मोजली जातात, त्यांतला ताप कोणी मोजीत नाहीं. १९७६ मध्यें देवेंद्रकुमार यांनीं वर्ध्यास स्थापलेल्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्रानें या बाजूनें चांगलें काम केलें आहे. कुंभाराच्या चाकावर घडविलेलीं शंकूच्या आकाराचीं कवेलू एकांत एक ओंवून तीं कमानीनें छत घालतात, त्यास लांकडी वासे लागत नाहींत, आणि कुंभारास धंदा मिळतो. ज्यांस पत्रेच आहेत त्यांनीं होळीनंतर त्यांवर चुन्याचा पांढरा हात द्यावा. पांढरा रंग ऊन परतवितो. दिव्यांविषयीं एवढेंच कीं, साठ वॅटचा जुना दिवा रोज सहा तास जळला तर महिन्यास सुमारें अकरा युनिट खातो, व नऊ वॅटचा एलईडी दोनही नाहीं.

स्वयंपाकघरांत आजच करण्यासारख्या गोष्टी पुष्कळ आहेत. तुरीची डाळ तासभर आधीं भिजवावी. भांड्यावर झांकण ठेवावें. पाण्यास उकळी आल्यावर ज्योत कितीही मोठी केली तरी उघड्या भांड्यांत पाणी शंभर अंशांवर जात नाहीं, तेव्हां ती लहान करावी. अर्धवट शिजलेल्या भाताचा गंज झांकून जुन्या गोधडींत गुंडाळला तर भात आपल्याच उष्णतेनें शिजून येतो. आमच्या घरीं हें करून पाहिलें, व पहिल्या दिवशीं भात थोडा कच्चा राहिला, दुसऱ्या दिवशीं नाहीं. ज्योत पिवळी दिसली तर बर्नर स्वच्छ करावा. जेथें धुराड्याची चूल आहे तेथें बोगद्यांतली राख काढण्याचें काम घरच्या मुलानें घ्यावें; तें बहिणीचेंच आहे असें कोठें लिहिलेलें नाहीं.

ज्या विद्यार्थ्यांच्या घरीं चूल व गॅस दोन्ही आहेत, त्यांनीं सिलिंडर लावल्याची तारीख स्वयंपाकघराच्या भिंतीवर कोळशानें लिहावी व संपल्याची तिच्याखालीं. शेजारीं त्या महिन्यांत किती दिवस चूल पेटली याच्या रेघा ओढाव्या. आषाढाचीं व माघाचीं अशीं दोन टिपणें ज्यांचीं पुरीं होतील, त्यांनीं तीं वर्गशिक्षकांकडे द्यावीं. पुढील वर्षींच्या अंकांत आम्ही तीं गांववार छापूं.